रविवारच्या पाहुण्याचं कौतुक आवरा : मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद,
मुंबई व उपनगरांतील ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या संघाचा फलक मी जाता-येता वाचते. सकाळचा योग, महिन्याचे वाढदिवस, अष्टविनायकाची सहल, मधुमेहावर डॉक्टरांचं आणि मृत्युपत्रावर वकिलांचं व्याख्यान, १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाचे सत्कार. हेवा वाटावा इतकं सगळं नियमित चालतं. कट्ट्यावरच्या गप्पा मात्र फिरून फिरून एकाच जागी येतात : हल्लीची मुलं आई-बापांना बघत नाहीत.

न बघणाऱ्यांवर बोलायला पुष्कळ लोक आहेत. मी हे पत्र बघणाऱ्यांच्या बाजूने लिहिते आहे. घरात भावंडं कितीही असली तरी बघणारं माणूस बहुधा एकच असतं. ते माणूस खचतं, आणि खचतं ते म्हाताऱ्या माणसाच्या आजारपणाने जितकं, त्याहून जास्त घरातल्या इतरांच्या वागण्याने. सरकारला न लिहिता तुम्हाला लिहायचं कारण इतकंच, की यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे. हातपाय धड आहेत आणि शब्दाला घरात वजन आहे, तोवर.

आधी माझ्या घरचं सांगते. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. आई चौऱ्याऐंशीची. अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवी बाजू लुळी पडली, आणि नंतर हळूहळू विसरणं सुरू झालं. सकाळी तिला माझं नाव आठवतं, संध्याकाळी ती मला तिची धाकटी बहीण समजते. माझा थोरला भाऊ नाशिकला, मधला ठाण्याला, घोडबंदर रोडला. दोघांच्याही इमारतींना लिफ्ट आहे, आमच्या जुन्या इमारतीला नाही. तरी आई इथे आहे. "थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे, मग बघू," असं म्हणून आली, आणि ते 'मग' काही उजाडलं नाही. बहुतेक घरांत असंच होतं. कुणी बसून ठरवत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडे ते येऊन पडतं.

रविवारी मधला येतो. मेगाब्लॉक नसला तर. रात्री दोनदा चादर बदललेली असते. सकाळी अंग पुसताना आईने मला फटका मारलेला असतो, भरवताना अर्धी पेज माझ्या गाऊनवर सांडलेली असते. अकराला बेल वाजते, मी म्हणते, "आई, बाळ्या आलाय," आणि बाई उशीला टेकून ताठ बसतात. डाव्या हाताने पदर सारखा करतात. त्याने आणलेलं केळ्याच्या वेफर्सचं पाकीट मांडीवर ठेवून त्याच्या गालावरून हात फिरवतात. त्याचं नाव कधी चुकत नाही. तो फोटो काढतो, 'आई अपडेट्स' ग्रुपवर टाकतो, नाशिकहून लगेच हात जोडलेल्यांची रांग येते. मग माझ्याकडे वळून, "आई तर मस्त आहे गं. तू उगाच टेन्शन घेतेस." जेवताना सूचना सुरू होतात. डायपर कशाला, सवय लागेल. झोपेची गोळी बंद कर, मी वाचलंय तिच्याबद्दल. रुग्णसेवेच्या ब्यूरोची बाई दिवसाला एवढे घेते? साडेचारला, घोडबंदरचं ट्रॅफिक वाढायच्या आत, तो निघतो. आई बराच वेळ दाराकडे बघत राहते आणि मला म्हणते, "पोराला धड वाढलं नाहीस."

त्याचं प्रेम खोटं नाही आणि तिचंही नाही. स्मृतिभ्रंशाची माणसं पाहुण्यांसमोर तास-दोन तास सावरून बसतात, हे डॉक्टरांना ठाऊक असतं, भावांना नसतं. म्हणून सांभाळणाऱ्या घरात पहिलं भांडण होतं ते पैशावरून नव्हे. ते होतं आजार आहे की नाही, असला तर किती आहे, यावरून. रात्र काढणाऱ्याला एक आई दिसते आणि दुपार काढणाऱ्याला दुसरी, आणि दोघंही दुसऱ्याला खोटं पाडतात.

पाठ दुखते म्हणून मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी पाठ बघितली आणि मग गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारले. झोप लागते का, भूक आहे का, कशात रस वाटतो का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का, मरून जावं असं मनात येतं का. पीएचक्यू-९ म्हणतात त्या प्रश्नावलीला. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७, आणि १० किंवा त्यावर गेलं की ते अंगावर काढायचं नाही. माझे बरेच वर गेले. मी काही रडतबिडत नव्हते. गणपतीत आरास न करता नुसती मूर्ती आणून ठेवली होती. मैत्रिणीचा फोन वाजला की वाजून थांबेपर्यंत बघत बसायचे. आई खोकली की पोटात गोळा यायचा, आणि तो काळजीचा होता असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी सांगा, घरात या सगळ्याबद्दल तुमच्याशी कोण बोलतं?

प्रश्न वरवरचा वाटतो, पण त्याच्यामागे बराच अभ्यास आहे. १९८० साली अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या २९ वृद्धांना सांभाळणाऱ्यांना विचारलं, तुम्हाला ओझं किती वाटतं. आपल्याला वाटेल, ज्याचा रुग्ण जास्त छळतो, रात्री उठतो, तेच तेच विचारतो, त्याला ओझं जास्त. तसं निघालं नाही. रुग्णाच्या त्रासाशी ओझ्याचा मेळ बसेना. बसला तो घरातली बाकीची माणसं किती वेळा भेटायला येतात याच्याशी. भेटी जास्त तिथे ओझं कमी. अभ्यास लहानसा होता, पण ओझं मोजायची झॅरिट यांची प्रश्नावली आज जगभर वापरतात. पुढे १९९० मध्ये लिओनार्ड पर्लिन यांनी सांभाळणाऱ्यांच्या ताणाची मांडणी केली, तेव्हा घरातली भांडणं त्यांनी आजारपणाच्या कामापासून वेगळी काढून दाखवली. सांभाळण्यातून ती उपजतात, आणि मग स्वतंत्रपणे माणसाला पोखरतात.

भेटीबद्दल मात्र माझं एक म्हणणं आहे. आमच्याकडे मधला नेमाने भेटतो, तरी रविवारी संध्याकाळी माझं डोकं सोमवारपेक्षा जड असतं. उलट नाशिकची वहिनी क्वचित येते. गेल्या खेपेला आली, पिशवी कोपऱ्यात ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि मोरीत भिजत पडलेले आईचे कपडे धुवायला बसली. मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "ताई, तुम्ही आडव्या व्हा हो जरा." मी दुपारभर झोपले. उठले तेव्हा आईची नखं कापलेली होती. एक भेट तपासणीला येते आणि एक हाताखाली यायला येते. मोजताना दोन्ही एकच धरू नका.

हो, आणि पुंडलिक. सत्काराच्या भाषणांत तो हमखास येतो. आई-वडिलांचे पाय चेपत होता म्हणून साक्षात विठ्ठलाला विटेवर थांबवलं. पुंडलिकाला भाऊ होते का, असले तर ते त्या वेळी कुठे होते, हे मी तरी अजून कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही. पाय चेपणाऱ्याचा जयजयकार केला की बाकीच्यांची आपोआप सुटका होते. "तुला पुण्य लागेल," हे वाक्य मला सांगणाऱ्यांपैकी कुणालाच त्या पुण्यात वाटा नको असतो.

आता पैशाचं, कारण मुंबईत म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी खोलीचा कागद असतोच. लालबागची आमची चाळीतली खोली पुनर्विकासात गेली. बिल्डरकडून येणारं दरमहाचं भाडं आईच्या खात्यात जमा होतं, आणि ते खातं थोरल्याबरोबर जोडीचं आहे. डायपर, हवेची गादी, ब्यूरोची बाई हे माझ्या पगारातून. नव्या फ्लॅटला नाव कुणाचं लागणार यावर ग्रुपवर रात्री बारापर्यंत चर्चा होते. बाईचे पैसे कोण देणार असं विचारलं की निळ्या टिका दिसतात आणि सगळे झोपलेले असतात. खर्चाची वही ठेवली तर "आईचा हिशेब लिहितेस?", नाही ठेवली तर "पैसे जातात कुठे?" नोव्हेंबरात आईच्या फॅमिली पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो मात्र कुणालाच न विचारता माझ्या वाट्याला येतो.

कायद्याने मुलगा आणि मुलगी कधीच एका ओळीत बसवले आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला (आधी लग्न झालेल्या मुली तेवढ्या वगळल्या), देशाने २००५ मध्ये. आई-बापांच्या पोटगीची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं, तेही आपल्या कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात. ज्येष्ठांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा तुम्हाला पाठ असेल. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता, त्यासाठी न्यायाधिकरण, आणि कलम २३, म्हणजे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी न सांभाळल्यास परत मिळवायची सोय. चांगला कायदा आहे. पण तो आईने मुलांविरुद्ध वापरायचा आहे. सांभाळणाऱ्या मुलीला भावाविरुद्ध दाद मागायला त्यात दार नाही. आईने अर्ज केला आणि मला त्यात ओढलं, तरच मी भावांनाही सामील करा असं म्हणू शकते. न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं म्हणतात. घेतली समजा, तरी रात्री तीनला कोण उठणार हे ते वाटून देणार नाही. आणि सून, जिच्या हातून इतक्या घरांत हे सगळं होतं, ती या कायद्यातल्या 'मुलां'च्या व्याख्येत येतच नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावयांना आत घ्यायचं सुचवलं होतं, तेही जबाबदारी टाकण्यापुरतं.

फिजिओथेरपीच्या बाकड्यावर वाट बघताना मला अशा बऱ्याच जणी भेटल्या, आणि काही जणही. गिरगावातली एक अविवाहित मुलगी. मुलगी म्हणायचं, पन्नाशी ओलांडली आहे. तिला बहिणी सांगतात, "तुझ्यामागे काय संसार आहे?" जणू संसार नसलेल्या माणसाला झोप लागत नाही. एक सून, जिच्या सासूबाई तिच्या हातची औषधं घेतात पण आल्या-गेल्याला सांगतात, लेकीने आणून दिलीत. एक गृहस्थ आईला सांभाळायला नोकरी सोडून बसलेत; त्यांना सगळे विचारतात, मिसेस करत नाहीत का? नैराश्यावर गोळ्या तिघांनाही चालू आहेत आणि घरी तिघांनीही त्या व्हिटॅमिनच्या म्हणून सांगितल्या आहेत.

आणि एक आजी होत्या, बाहत्तर वर्षांच्या, पक्षाघात झालेल्या नवऱ्याला घेऊन यायच्या. त्या तुमच्यासारख्याच एका संघाच्या सभासद. वर्गणी भरलेली, पण दोन कोजागिऱ्या फिरकल्या नव्हत्या. कुणी फोन केला नाही, कारण सगळ्यांना वाटलं मुलाकडे परदेशी गेल्या असतील. तुमची सभासदांची वही एकदा काढून बघा. वर्गणी वेळेवर आणि हजेरी शून्य अशी जी नावं सापडतील, त्यांतली काही घरात कुणाला तरी सांभाळत असतील. आपलं आयुर्मान वाढलं तसे सत्तरीतली मुलं आणि नव्वदीतले आई-बाप हेही आता नवल राहिलेलं नाही. म्हणजे हा विषय तुमच्या पुढच्या पिढीचाच आहे असं नाही, तुमच्या सतरंजीवर बसलेल्यांचाही आहे.

मी मागते आहे ते व्याख्यान नाही. तुमचा हॉल हवाय आणि तुमची माणसं हवीत.

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी १९८७ पासून एक मोठा प्रयोग केला. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळणारे ४०६ जण त्यात होते. निम्म्यांना नेहमीची मदत. उरलेल्या निम्म्यांशी आधी समुपदेशकाच्या दोन बैठका एकट्याने, आणि चार बैठका घरच्या इतर माणसांना समोर बसवून. पुढे आधारगट आणि अडेल तेव्हा फोन. या दुसऱ्या गटात नैराश्याची लक्षणं कमी राहिली आणि तीन वर्षांनंतरही फरक दिसत होता. रुग्णाला संस्थेत ठेवायची वेळसुद्धा साधारण दीड वर्षाने लांबली. अमेरिकेचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल, तर गोव्याचं घ्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रयोगात ८१ कुटुंबं होती. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या सहा महिने घरी येऊन बसायच्या, आजार समजावायच्या, घरच्यांशी बोलायच्या. तेवढ्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण उतरला.

घरच्यांना समोर बसवणं, हे त्यातलं कळीचं काम. ते माझ्या भावांना मी सांगून होत नाही, कारण मी सांगितलं की ती तक्रार होते. तेच संघातल्या एखाद्या काकांनी बोलावलं की बैठक होते. तुमच्यात निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, बँकेत आयुष्य गेलेले आहेत, गिरण्यांच्या काळात मालकांशी वाटाघाटी केलेली युनियनची माणसं आहेत. मालकाला टेबलावर आणणाऱ्यांना घोडबंदर रोडवरचा एक मुलगा आणता येणार नाही? महिन्यातून एक दुपार हॉल द्या, चहा ठेवा. परगावचा भाऊ फोनवर दिसला तरी चालेल. रात्रीची पाळी आठवड्यातून एकदा तरी कोण घेणार, बाईचे पैसे कसे वाटायचे, हॉस्पिटलात सही कुणाची आणि निर्णय कुणाचा, सांभाळणाऱ्याला वर्षात रजा किती आणि त्या दिवसांत आई कुणाकडे, एवढंच बोलायचं. जुनी उणीदुणी निघतील. चार बैठका त्यासाठीच लागतात. ठरलेलं लिहून ठेवा, इतिवृत्त लिहायची सवय तुमच्या कार्यवाहांना आहेच.

घरी करायचं तुमचं तुम्हाला. मृत्युपत्रावरच्या व्याख्यानाला इतकी गर्दी होते, तर त्याच बैठकीत एक पान आणखी लिहा : मी अंथरुणाला खिळलो तर कुणाकडे राहीन, माझ्या कुठल्या खात्यातून खर्च होईल, आणि माझं करणाऱ्याला इतरांनी काय द्यायचं. तुमच्या सहीने लिहिलेलं असेल तर तुमच्या मुलीला वही लपवावी लागणार नाही. आणि रविवारी मुलगा आला की त्याच्या देखत, सगळ्यांसमोर, रोज कोण करतं त्याचं नाव घ्या. आजारपण डोक्यात शिरल्यावर ते जमत नाही. माझ्या आईला आता नाही जमणार. तुम्हाला अजून जमेल.

बैठकीत कुणी जीव नकोसा झालाय म्हणालं, तर कृपा करून विपश्यना, नामस्मरण, "आमच्या वेळी" वगैरे काढू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तिथे सोबत जायला एक माणूस द्या. सांभाळणारी स्वतःच साठीपुढची असेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवरही तिला बोलता येईल. हे दोन्ही क्रमांक तुमच्या फलकावर सहलीच्या सूचनेखाली कायमचे लिहून ठेवलेत तरी खूप होईल. तो फलक आमच्यासारख्या वाचतात.

बुधवारी दुपारी दोन ते पाच ब्यूरोची बाई आमच्याकडे असते, त्या वेळात मी कुठल्याही संघात येऊन बोलायला तयार आहे. सीएसएमटीपासून मुलुंडपर्यंत कुठेही. वेस्टर्नला यायचं तर पाचच्या आत परतता येईल असं बघा. पहिली बैठक माझ्याच घरची घेतलीत तरी माझी हरकत नाही. थोरल्याला मी कळवलं आहे, वहिनी त्याला घेऊन येणार आहे. मधल्याला मात्र तुम्ही बोलवावं, संघाच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीने. पत्ता मी देते.

आपली नम्र,
विक्रोळीची एक लेक